जॅकलिन द्यु प्रे : बारा वर्षांची कारकीर्द आणि "काही नाही, टेन्शन आहे"

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.)

छावणीत राहणाऱ्याला बँड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजांच्या पलटणी आल्या, त्यांच्याबरोबर क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि मोठा ड्रम आला, आणि पलटणी गेल्यावर हीच वाद्यं देशभर लग्नाच्या वरातीत शिरली. पण त्याच गोऱ्यांच्या संगीतातलं एक वाद्य आपल्याकडं कधी रस्त्यावर आलं नाही. ते म्हणजे चेलो. कारण साधं आहे. चेलो चालत चालत वाजवता येत नाही. खुर्चीवर बसायचं, वाद्य दोन गुडघ्यांमध्ये धरायचं, त्याची खालची टोकदार दांडी जमिनीवर टेकवायची आणि चार तारांवर गज फिरवायचा. दिसायला व्हायोलिनचा थोरला भाऊ, आवाज मात्र खर्जातला, माणसाच्या गळ्याच्या अगदी जवळचा.

गज काही आपल्याला नवा नाही. छावणीतून दौलताबादकडं जाणारा रस्ता ज्या देवगिरीला जातो, तिथं तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त गजानं वाजवायच्या पिनाकी वीणेचं वर्णन आहे. आणि चेलो तुम्ही ऐकलेला नाही असंही नाही. जुन्या हिंदी गाण्यांत गायिकेच्या आवाजाखाली जो जड, दाटून आलेला सूर चालतो, तो बहुतेक वेळा चेलोंचा असतो. आर. डी. बर्मन यांचे सहायक बासुदेव चक्रवर्ती हे स्वतः चेलोवादक होते. आपण गाणं गुणगुणतो, पण चेलो वाजवणाऱ्याचं नाव कधी विचारत नाही.

आज जिच्याबद्दल लिहितोय तिचं नाव मात्र जगानं लक्षात ठेवलं. जॅकलिन द्यु प्रे. जन्म २६ जानेवारी १९४५, ऑक्सफर्ड. मृत्यू १९ ऑक्टोबर १९८७, लंडन. वय ४२. त्यातली वाजवण्याची वर्षं जेमतेम बारा. आता छावणीत बसून तिच्याबद्दल कशाला लिहायचं, असं कुणी विचारेल. एक कारण मुंबईचं आहे, ते आधी सांगतो. दुसरं कारण पुढं येईलच.

मुंबईत मेहली मेहता नावाचे पारशी व्हायोलिनवादक होते. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. (ऑर्केस्ट्रा म्हणजे आपला गणपतीतला नव्हे. पन्नास-साठ वादक समोर कागद ठेवून वाजवतात, तो.) त्यात पारशी होते, गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायची जुनी पद्धत होती, म्हणून मुंबईला वादक मिळाले. पण या संगीतावर मुंबईत पोट भरणं कठीण होतं. हॉटेलात वाजवा, सिनेमाच्या स्टुडिओत वाजवा, नाहीतर बाहेर पडा. मेहली बाहेर पडले. १९५५ मध्ये ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात रुजू झाले, आणि त्या ऑर्केस्ट्राचे प्रमुख होते जॉन बार्बिरॉली. हे नाव ध्यानात ठेवा. मेहलींचा मुलगा झुबिन त्याआधीच, १९५४ मध्ये, डॉक्टरकीचा अभ्यास सोडून व्हिएन्नाला गेला होता.

आता जॅकलिनकडं. चार वर्षांची असताना तिनं रेडिओवर चेलो ऐकला आणि आईला म्हणाली, मला तो आवाज हवा. आई आयरिस स्वतः पियानोवादक होती. ती रात्री बसून मुलीसाठी छोट्या छोट्या चाली लिहायची, बाजूला चित्रं काढायची आणि कागद तिच्या उशाशी ठेवायची. सकाळी उठल्यावर पोरगी कपडे बदलायच्या आधी चेलो घेऊन बसायची. दहाव्या वर्षी तिला विल्यम प्लीथ हे गुरू मिळाले. तिनं नंतर रशियात रोस्त्रोपोविच यांच्यासारख्या मोठ्यांकडं धडे घेतले, पण आपले खरे गुरू प्लीथच असं ती मानायची.

इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गिल्हर्मिना सुजिया नावाची एक पोर्तुगीज चेलोवादक बाई होती, १९५० मध्ये वारली. तिनं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की माझा स्ट्रॅडिव्हेरियस चेलो विका आणि त्या पैशातून तरुण चेलोवादकांना मदत करा. (स्ट्रॅडिव्हेरियस म्हणजे इटलीतल्या क्रेमोना गावच्या स्ट्रादिव्हारी या कारागिराची वाद्यं. तीनशे वर्षांची, किंमत घरादारापेक्षा जास्त.) १९५६ मध्ये या निधीच्या परीक्षक मंडळासमोर अकरा वर्षांची जॅकलिन वाजवायला बसली. मंडळाचे प्रमुख होते तेच बार्बिरॉली, जे स्वतः मुळात चेलोवादक. तिची निवड झाली, शिक्षणाचा खर्च निघाला. पुढं तिच्या धर्ममातेनं तिला चेलो घेऊन दिला, आणि १९६० च्या दशकाच्या मध्याला नाव गुप्त ठेवून दिलेल्या पैशातून १७१२ सालचा 'दाविदॉव' हा स्ट्रॅडिव्हेरियस तिच्या हाती आला. मेलेल्या एका बाईचं वाद्य विकलं गेलं म्हणून दुसऱ्या देशातली एक मुलगी शिकली. आपल्याकडं गुणी पोरांचे सत्कार भरपूर होतात, शाल-श्रीफळ मिळतं, पण वाद्य कुणी घेऊन देत नाही.

याची किंमतही होती. रोज चार तास रियाज करायचा म्हटल्यावर शाळा मागं पडली ती पडलीच. चेलो सोडून दुसरं काही तिला नीट शिकायला मिळालं नाही, आणि ही उणीव तिला पुढं आयुष्यभर टोचत राहिली.

१ मार्च १९६१, लंडनचा विगमोर हॉल. सोळाव्या वर्षी पहिला मोठा कार्यक्रम. पुढच्याच वर्षी रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एल्गारचा चेलो कॉन्चेर्तो. या रचनेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकारानं पहिलं महायुद्ध संपताना ती लिहिली, आणि ऑक्टोबर १९१९ मधला तिचा पहिला प्रयोग सपशेल पडला, कारण त्याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या कंडक्टरनं तालमीचा वेळ खाऊन टाकला. त्या दिवशी ऑर्केस्ट्रात मागं बसून चेलो वाजवणाऱ्यांत विशीतला एक पोरगा होता, जॉन बार्बिरॉली! त्याच बार्बिरॉलीनं ऑगस्ट १९६५ मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये वीस वर्षांच्या जॅकलिनबरोबर हीच रचना रेकॉर्ड केली. म्हाताऱ्या माणसानं लिहिलेलं, युद्धात गेलेल्या जगाचं दुःख एका विशीतल्या पोरीनं असं वाजवलं की आजही एल्गारचा कॉन्चेर्तो म्हटलं की लोक आधी हीच तबकडी काढतात. तिची वाजवण्याची पद्धत काही जाणकारांना खटकायची. फार हलते, केस उडवते, भावना जास्त दाखवते, असं म्हणायचे. मला तर त्यात काही चूक दिसत नाही. आपले गवई काय कमी हातवारे करतात?

१९६६ च्या नाताळात लंडनमधल्या एका घरगुती मैफलीत तिची डॅनियल बारेनबॉइम या पियानोवादकाशी गाठ पडली. डॅनियल आणि झुबिन मेहता १९५६ पासूनचे मित्र, इटलीतल्या सिएनात एका वर्गात शिकलेले. जून १९६७ मध्ये इस्रायल-अरब युद्ध पेटलं, तेव्हा जॅकलिन आणि डॅनियल तिथं सैनिकांसाठी, लोकांसाठी वाजवत होते. मेहता दारूगोळ्याच्या पेट्या भरलेल्या विमानात बसून तिथं पोचले. १५ जूनला जेरुसलेमला लग्न झालं. तिनं त्यासाठी ज्यू धर्म स्वीकारला. लग्नाला ज्यू साक्षीदार हवा होता, आणि आपले मुंबईचे पारशी मेहता 'मोशे कोहेन' असं नाव सांगून उभे राहिले. हा किस्सा ते स्वतः सांगतात.

दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६९ मध्ये, लंडनला शूबर्टचं 'ट्राउट' पंचक वाजलं. पियानोवर बारेनबॉइम, व्हायोलिनवर पर्लमन, व्हायोलावर झुकरमन, चेलोवर जॅकलिन आणि डबल बासवर झुबिन मेहता. ख्रिस्तोफर न्यूपेन यांनी त्यावर माहितीपट केला. पडद्यामागं पाचही जण कॉलेजच्या पोरांसारखी मस्करी करताना दिसतात, एकमेकांची वाद्यं घेऊन वाजवतात. कुणालाही वाटेल की हे असंच चाळीस वर्षं चालणार.

पण १९७१ पासून तिची बोटं बधिर व्हायला लागली. हातापायांतली ताकद मधेच जायची, मधेच परत यायची. दमून जायची. तपासण्या झाल्या, आणि निदान काय, तर ताण आहे, मनाचं आहे. तिनं जवळपास सगळे कार्यक्रम थांबवले. डिसेंबर १९७१ मध्ये तब्येत जरा बरी वाटली तेव्हा शॉपँ आणि फ्रँक यांच्या रचनांचं रेकॉर्डिंग झालं. तिचं स्टुडिओतलं ते शेवटचं पूर्ण काम. बाहेर बोललं जायचं की लग्न बिनसलं असेल, कंटाळली असेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती स्वतःही तेच मानायला लागली, की दोष आपल्या मनाचा आहे.

फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनला ती एल्गार वाजवायला बसली. समोर कंडक्टर झुबिन मेहता. लंडननं तिला वाजवताना पाहिलं ते हे शेवटचं. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला ब्राम्सच्या दुहेरी कॉन्चेर्तोचे चार कार्यक्रम ठरले होते, कंडक्टर लिओनार्ड बर्नस्टाइन. तिला चेलोची पेटी उघडता येईना. गज हातात धरला तर त्याचं वजन कळेना. डाव्या हाताचं बोट तारेवर कुठं पडलंय ते स्पर्शानं समजत नव्हतं, डोळ्यांनी बघून ठेवावं लागत होतं. कल्पना करा, वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून जे हात आंधळेपणानं जागा शोधत आले, ते हात आता बघून ठेवायचे, आणि तेही भरलेल्या सभागृहात. तीन कार्यक्रम तिनं रेटले. चौथ्याला ती बसली नाही. वय २८.

ऑक्टोबर १९७३ मध्ये नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतून आणि मणक्यातून जाणाऱ्या नसांवर एक आवरण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती त्या आवरणावरच हल्ला करते आणि मेंदूचे निरोप वाटेत अडकतात. आजार बहुतेक करून तरुणपणी सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, आणि सुरुवातीला येतो-जातो. म्हणूनच फसवतो. त्या काळी एमआरआय नव्हता, त्यामुळं डॉक्टरांना सगळा दोष देता येणार नाही. पण जवळच्यांनी सांगून ठेवलंय की नाव कळल्यावर तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. आपण वेड्या नाही, हे तरी सिद्ध झालं.

पुढची चौदा वर्षं या आजारात गेली. तिनं विद्यार्थ्यांना शिकवलं, टीव्हीवर तिचे वर्ग दाखवले गेले, प्रोकोफिएव्हच्या 'पीटर अँड द वुल्फ'चं निवेदन तिनं केलं. हळूहळू तेही थांबलं. ती गेल्यावर दहा वर्षांनी बहीण-भावानं पुस्तक लिहिलं, त्यावर सिनेमा आला, घरातल्या भानगडी चव्हाट्यावर आल्या आणि तिच्या वादक मित्रांनी जाहीर निषेध केला. त्यात मी शिरत नाही. दाविदॉव चेलो पुढं यो-यो मा यांच्याकडं गेला. हेच यो-यो मा जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत बाखच्या सहाही चेलो रचना एका बैठकीत वाजवून गेले.

आता ते दुसरं कारण. बातमीदारी करताना गेल्या काही वर्षांत या आजाराच्या तीन-चार घरांत जाणं झालं. नावं लिहीत नाही. प्रत्येक घरातली सुरुवात सारखीच. सून आहे, नाहीतर कॉलेजची मुलगी आहे. हाताला मुंग्या येतात, एका डोळ्याला अंधूक दिसतं, चालताना तोल जातो. आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरं वाटतं. मग घरचे म्हणतात नाटक आहे, डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, कुणी लिंबू उतरवून टाकतं. वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी मेंदूविकारतज्ज्ञाकडं पाठवतं तेव्हा एमआरआय होतो. जॅकलिनच्या वेळी मशीन नव्हतं. आता ते आपल्या शहरात आहे, पण तिथवर पोचायला तेवढाच वेळ लागतोय.

एक माहिती मुद्दाम देतो. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, त्यात हा आजार नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र मागता येतं. अडचण टक्क्यांची आहे. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात, आणि हा आजार ज्या दिवशी तपासणी असते त्या दिवशी कमी असू शकतो. मुलगी आपल्या पायांनी चालत आली म्हणून टेबलावरचा माणूस मान हलवतो. त्यामुळं जाताना जुने एमआरआय, प्रत्येक झटक्याच्या वेळचे कागद, तारखा, सगळं फाइल करून न्या. या रुग्णांसाठी काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ मध्ये मुंबईत सुरू झाली, तिच्याशी संपर्क साधता येतो.

आणि ते १९६५ चं एल्गारचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर सापडेल, अर्ध्या तासाचं आहे. सुरुवातीलाच चेलो एकटा बोलतो, ऑर्केस्ट्रा नंतर येतो. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे सूर त्यात येतच नाहीत. इयरफोन लावा.