तेलाचा थर किती जाड, हे खोदण्याआधी कसं कळतं?
समुद्रात एक विहीर खोदायला कोट्यवधी रुपये लागतात. त्यामुळे मुंबई हायसारख्या क्षेत्रात तेल धरून ठेवणारा खडक किती जाड आहे, याचा अंदाज आधी सिस्मिक सर्व्हेतून घेतात. जहाजामागच्या एअरगनमधून सोडलेल्या ध्वनिलहरी थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परततात. दोन प्रतिध्वनींमधला वेळ गुणिले खडकातला वेग, भागिले दोन (लहर थरातून जाते आणि परतही येते) म्हणजे जाडी. वेग सेकंदाला ३,००० मीटर आणि फरक ०.०२ सेकंद असेल, तर थर ३० मीटरचा.

खरी अडचण पातळ थरांची. तरंगलांबीच्या साधारण एक चतुर्थांशापेक्षा थर पातळ असला की दोन्ही प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. याच वेगाला ३० हर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी १०० मीटर, म्हणजे मर्यादा २५ मीटर. मग १० मीटरचा थरही वेळेवरून जवळपास तेवढाच भासतो आणि कागदावरचा तेलसाठा अडीचपट फुगतो! अशा वेळी तज्ज्ञ प्रतिध्वनीची तीव्रता बघतात; थर पातळ होत जातो तशी तीही घटते. पण सच्छिद्रता किंवा वायूमुळेही तीव्रता बदलते. म्हणून जवळच्या विहिरीत प्रत्यक्ष मोजलेल्या जाडीशी हे गणित जुळवून घ्यावं लागतं.