बिशप हेबर आणि ठाण्याचा किल्ला

ठाणें व कल्याण ह्या दोन प्राचीन बंदरांशीं ख्रिस्ती धर्माचा संबंध पोर्तुगीजांच्या अमलापासून जडला, असा समज पुष्कळांचा आहे. तो बरोबर नाहीं. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ग्रीक प्रवाशानें 'कल्लियाना' येथें इराणांत दीक्षा मिळालेला बिशप राहत असल्याचें लिहून ठेविलें आहे, आणि हें कल्लियाना म्हणजे आपलें कल्याण होय, असें बहुतेक विद्वान मानतात. पुढें इ. स. १३२१ मध्यें चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यांत मारले गेले व ओडोरिक ह्या प्रवाशानें त्यांच्या अस्थि चीनपर्यंत नेल्या. पोर्तुगीजांच्या काळचें सेंट जॉन बॅप्टिस्टचें चर्च तर मासुंदा तलावाजवळ अद्याप नांदतें आहे. ह्या दीर्घ परंपरेंत इंग्रजी पंथाच्या बिशपाचें ठाण्यास येणें ही अगदीं अलीकडची गोष्ट. तथापि १८२५ सालीं येथें आलेल्या रेजिनाल्ड हेबर ह्या बिशपाच्या प्रवासवृत्तांत पेशवाईच्या अखेरच्या एका प्रसंगाची साक्ष आहे. त्या साक्षीची किंमत ठरविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं साक्षीदार कोण व कसा होता हें प्रथम पाहिलें पाहिजे.

हेबरचा जन्म इंग्लंडांतील चेशर परगण्यांत माल्पस येथें २१ एप्रिल १७८३ रोजीं झाला. ऑक्सफर्ड येथें शिकत असतां १८०३ सालीं 'पॅलेस्टाइन' ह्या काव्यास पारितोषिक मिळून तो कवि म्हणून नांवाजला. वॉल्टर स्कॉट ह्या प्रसिद्ध ग्रंथकाराशीं त्याचा परिचय होता. १८०७ पासून सोळा वर्षें हॉडनेट ह्या खेड्यांत त्यानें धर्मोपदेशकाचें काम केलें. त्याचीं भक्तिगीतें इंग्रजी चर्चांतून आजही गाइलीं जातात. १८२३ सालीं कलकत्त्याच्या बिशपाची जागा त्यानें पत्करली.

ही जागा म्हणजे काय प्रकार होता, हें समजल्यावांचून त्याच्या प्रवासाचा अर्थ लागत नाहीं. १८१३ च्या सनदेच्या कायद्यान्वयें कंपनीच्या मुलखाकरितां एक बिशप व तीन आर्चडीकन नेमण्याचें ठरलें. बिशपास वर्षास ५,००० पौंड वेतन मिळे, व तें हिंदुस्थानच्या वसुलांतून दिलें जाई. म्हणजे ज्या रयतेचा ह्या पंथाशीं कांहींएक संबंध नव्हता, तिच्याच साऱ्यांतून ह्या धर्मपीठाचा खर्च चाले. पहिला बिशप मिडल्टन १८१४ सालीं आला व १८२२ सालीं कलकत्त्यास वारला. ह्या एका बिशपाच्या अधिकारांत बंगाल, मद्रास, मुंबई व सिंहलद्वीप हीं तर होतींच, पण १८२४ सालीं ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्सही त्यांत आलें! इंग्रजी पंथांत चर्च व दफनभूमि ह्यांचें पवित्रीकरण आणि मुलांचा दृढीकरणविधि हीं कामें बिशपावांचून इतरांस करतां येत नाहींत. तेव्हां बिशप येईपर्यंत सर्वत्र हीं कामें तुंबून राहत.

हें काम उरकण्यासाठीं हेबर १५ जून १८२४ रोजीं कलकत्त्याहून निघाला. ढाक्यास त्याचा सोबती उपाध्याय स्टो हा मरण पावला. तरी त्यानें प्रवास सोडला नाहीं. काशी, लखनौ, अल्मोडा, दिल्ली, जयपूर ह्या मार्गानें तो गुजराथेंत उतरला. मार्च १८२५ मध्यें नडियाद येथें त्याची स्वामिनारायण पंथाच्या संस्थापकाशीं भेट झाली. दोघेही धर्मगुरु, आणि दोघांबरोबरही सशस्त्र स्वार! ह्या प्रसंगांतील विसंगति हेबरनें स्वतःच नमूद केली आहे. स्वतःकडेही तटस्थपणें पाहण्याची ही दृष्टि साक्षीदाराच्या अंगीं असणें इष्ट होय.

एप्रिल १८२५ मध्यें तो मुंबईस पोंचला. त्या वेळीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा गव्हर्नर होता व हेबर त्याचा पाहुणा झाला. सुमारें चार महिन्यांच्या मुक्कामांत त्यानें घारापुरी, कान्हेरी व कार्ले येथील लेणीं पाहिलीं, वसईचे अवशेष पाहिले, पनवेल-खंडाळ्याच्या वाटेनें पुण्यास जाऊन तेथील लष्करांतील सेंट मेरी चर्चचें पवित्रीकरण केलें, आणि ठाण्यास नव्यानें बांधलेलें सेंट जेम्स चर्चही पवित्र केलें. ठाण्याची बहुतेक वस्ती रोमन कॅथलिक असून डुकराचें मांस खारवून टिकविण्याच्या धंद्याबद्दल गांवाची ख्याति आहे, असें तो लिहितो. साष्टी इंग्रजांनीं डिसेंबर १७७४ मध्यें ठाण्याचा किल्ला घेऊन बळकाविली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे येथें इंग्रजांचें ठाणें बसून पन्नास वर्षें झाल्यावर त्यांच्या पंथाच्या बिशपाच्या हातून हें चर्च पवित्र झालें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. जुलै १८१५ मध्यें पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. त्याचा आरोप बाजीराव पेशव्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे ह्याजवर आला. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन ह्यानें पेशव्यास भाग पाडून त्रिंबकजीस ताब्यांत घेतलें व ठाण्याच्या किल्ल्यांत ठेविलें. एतद्देशीय शिपाई फितूर होतील ह्या भीतीनें पहारा सर्व गोऱ्यांचा होता. असें असतां १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्रीं त्रिंबकजी निसटला.

तो कसा निसटला? ग्रँट डफ सांगतो कीं, किल्ल्यांतील एका अधिकाऱ्याकडे नोकरीस राहिलेला एक मराठा मोतद्दार धन्याचा घोडा फिरवीत त्रिंबकजीच्या खिडकीखालून जाई-येई व सहज गात असल्यासारखें दाखवून निरोप गाण्यांतून पोंचवी. गोऱ्या पहारेकऱ्यांस मराठी येत नसल्यामुळें संशय आला नाहीं. फितुरीच्या भयानें जी खबरदारी घेतली, तीच सुटकेस कारण झाली! हेबर हीच हकीकत सांगतो. शिवाय त्या गाण्याचा आशय इंग्रजी पद्यांत देतो. झाडींत माणसें दबा धरून आहेत, घोडे तयार आहेत, पंचावन्न घोड्यांस चौपन्नच स्वार आहेत, व पंचावन्नावा चढला म्हणजे दक्षिणेचें भाग्य उघडेल, असा त्याचा भावार्थ आहे.

हेबरची साक्ष किती ग्राह्य मानावी? तिच्या बाजूनें तीन गोष्टी आहेत. पहिली, डफचा ग्रंथ १८२६ सालीं प्रसिद्ध झाला व हेबर त्याच वर्षीं एप्रिलांत वारला. तेव्हां त्यानें डफवरून लिहिलें हें संभवत नाहीं. दुसरी, ज्यानें त्रिंबकजीस मागून घेतलें तो एल्फिन्स्टनच हेबरचा यजमान होता. त्याच्या मंडळींत ही हकीकत चांगली माहीत असली पाहिजे. तिसरी, हेबरनें त्रिंबकजीस प्रत्यक्ष पाहिलें होतें. १८१८ सालीं पुन्हा पकडल्यावर त्रिंबकजीस चुनारच्या किल्ल्यांत ठेविलें होतें, आणि सप्टेंबर १८२४ मध्यें, म्हणजे सुटकेनंतर सुमारें आठ वर्षांनीं, हेबरनें त्याची कोठडी, कडक पहारा व त्यानें लाविलेली लहानशी बाग पाहून त्यांचें वर्णन केलें आहे. बंदिवानाची अखेर आधीं आणि त्याच्या पराक्रमाची जागा नंतर, असा उलटा क्रम त्याच्या वाट्यास आला.

उलट बाजूही तितकीच विचारांत घेतली पाहिजे. हेबरनें हिंदुस्थानी शिकली होती; मराठी नव्हे. गाणें त्यास इंग्रजींतूनच कळलें असणार. तो स्वतः कवि, आणि स्कॉटनें लोकप्रिय केलेल्या जुन्या इंग्रजी पोवाड्यांचा थाट त्या पद्यावर उघड दिसतो. तिरंदाज व 'नाइट' हे शब्द मोतद्दाराचे नसून कवीचे आहेत. तेव्हां शब्दशः तें पद्य प्रमाण धरतां येत नाहीं. पण पंचावन्न व चौपन्न हा आंकड्यांचा कूट निराळ्या कोटींतला आहे. भाषांतरांत उपमा बदलते, वृत्त बदलतें. गणित सहसा बदलत नाहीं. ऐकणाऱ्यास 'तुमचीच वाट पाहत आहों' हें सांगण्यास ह्याहून सुटसुटीत युक्ति नाहीं. मागाहून कोणी ती रचली असेल ही शंका मात्र उरते, कारण डफ हे आंकडे देत नाहीं. म्हणून निर्णय असा: गाण्यांतून निरोप गेला ही गोष्ट दोन साक्षींनीं सिद्ध, आंकड्यांचा कूट संभाव्य, शब्द मात्र हेबरचे.

ह्या सुटकेचा परिणाम ठाण्यापुरता राहिला नाहीं. त्रिंबकजी पुन्हा स्वाधीन करण्याचा तगादा इंग्रजांनीं लाविला, आणि जून १८१७ च्या पुण्याच्या तहानें पेशव्यास उत्तर कोंकण सोडावें लागलें. त्यांत कल्याणही गेलें. दक्षिणेचें भाग्य उघडण्याचें गाणें ठाण्यांत गाइलें गेलें, आणि वर्षाच्या आंत खाडीपलीकडच्या कल्याणास इंग्रजांचा अंमल बसला!

हेबर ऑगस्ट १८२५ मध्यें मुंबईहून सिंहलद्वीपास गेला. ३ एप्रिल १८२६ रोजीं त्रिचनापल्लीस सकाळचा धर्मविधि आटोपून स्नानास गेला असतां हौदांतच त्याचा अंत झाला. वय बेचाळीस. त्याच्या पत्नीनें त्याचें प्रवासवृत्त १८२८ सालीं छापविलें. एका बिशपानें एवढा प्रदेश सांभाळणें अशक्य आहे हें उघड होऊन १८३७ सालीं मुंबईस स्वतंत्र पीठ झालें व टॉमस कार हा पहिला बिशप झाला. १९७० सालीं हा पंथ चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ह्या संयुक्त संस्थेंत विलीन झाला. ठाण्याच्या किल्ल्याचा तुरुंग झाला. १९१० सालीं अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे हे तेथेंच फांसावर गेले.

देहलीदीपन्यायानें हेबरचें वृत्त दोहों बाजूंस उजेड पाडतें: इंग्रजांच्या दिवाणखान्यांतील गप्पा त्यांत आहेत, आणि आमच्या एका मोतद्दाराचा गळाही आहे. परंतु तो गळा परक्या भाषेंत ऐकावा लागतो, ही खंत आहे. साष्टी, कल्याण व जुन्नर प्रांतांतील ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें वा शाहिरांच्या वह्या असतील, त्यांनीं त्या ह्या दृष्टीनें एकदां चाळाव्या. पंचावन्न घोड्यांचा उल्लेख असलेलें एक मराठी कडवें जरी हातीं लागलें, तरी वरील निर्णयांतील दुसरें कलम 'संभाव्य' ह्या कोटींतून 'सिद्ध' ह्या कोटींत जाईल.