शॉक दिला की बंद हृदय सुरू होतं का?

चित्रपटात मॉनिटरवरची रेघ सरळ होते, डॉक्टर छातीला शॉक देतात आणि रुग्ण डोळे उघडतो. म्हणून नातेवाईक काकुळतीने म्हणतात, "डॉक्टर, एकदा शॉक देऊन तर बघा!" ही आशा दोनशे वर्षांहून जुनी आहे.

इटलीतल्या लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाचे पाय विजेने उडताना पाहिले आणि १७९१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांचे भाचे जोव्हानी अल्दिनी थेट माणसाकडे वळले. जानेवारी १८०३ मध्ये लंडनला, फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या मृतदेहाला त्यांनी बॅटरीच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, हाताची मूठ वळली. बघणाऱ्यांपैकी काहींना वाटलं, हा आता उठतोय! उठला अर्थातच नाही. मृत्यूनंतरही काही काळ स्नायू विजेला प्रतिसाद देतात, इतकंच. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ ची. १८३१ च्या प्रस्तावनेत तिने या विजेच्या प्रयोगांचा उल्लेखही केला.

पुढे १९४७ मध्ये अमेरिकेत क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेत दगावू लागलेल्या १४ वर्षांच्या मुलाला हृदयावर शॉक देऊन वाचवलं. पण ते हृदय निपचित नव्हतं, वेडंवाकडं थरथरत होतं. शॉक ती थरथर थांबवतो. ठोका मग हृदय स्वतःच धरतं. रेघ सरळ असेल तर थांबवायला काही उरलेलंच नसतं. तेव्हा आम्ही शॉक देत नाही. छाती दाबत राहतो, ॲड्रेनॅलिन देतो आणि हृदय का थांबलं ते शोधतो.