कातड्याची होडी

मागच्या बैठकीत हिशेब झाल्यावर आम्ही आयर्लंडच्या ‘करख’ होडीबद्दल वाचलं. आज तेच सांगतो.

आयर्लंडच्या पश्चिमेला अरन बेटं आहेत. तिथे झाडं जवळजवळ नाहीतच. मग होडीला फळ्या आणायच्या कुठून? लोकांनी पातळ पट्ट्यांचा सांगाडा बांधून वर बैलाचं कातडं ताणलं. पुढे डांबर फासलेलं जाड कापड आलं. होडी इतकी हलकी, की तिघे-चौघे ती पालथी करून खांद्यावर नेत. लांबून काळा भुंगा चालल्यासारखा वाटे.

वल्ही पुरुषांच्या हाती, बायका किनाऱ्यावर. सिंज यांच्या १९०४ सालच्या ‘रायडर्स टू द सी’ नाटकात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ती मोज्याच्या विणीवरून. चार टाके तिनेच गाळलेले असतात. इथे आमची वाचणारी थांबली. विणकाम आम्हीही करतो ना!

पोटासाठी तरुण परदेशी गेले. केरीच्या किनाऱ्यालगतचं ग्रेट ब्लास्केट बेट १९५३ साली रिकामं झालं. इंजिनाच्या बोटी आल्या. होडीचं माप बांधणाऱ्याच्या नजरेत असायचं; तो गेला की विद्या गेली.

तरी ती टिकली. टिम सेव्हरिन यांनी ४९ बैलांची कातडी शिवून जुन्या धर्तीची नाव बांधली आणि १९७७ साली ती अटलांटिकपार न्यूफाउंडलंडला नेली. आता किनाऱ्यावरच्या गावांत करखच्या शर्यती होतात, बायकांच्यासुद्धा.

आमच्या आक्कांनी लगेच विचारलं, “पण त्यांना पोहता येतं ना?”