मद्यशाळांची निवड : उमरखेडच्या अभ्यासकासाठी एक टिपण

उमरखेडहून नाशिककडे द्राक्षमद्याच्या प्रदेशात निघालेल्या अभ्यासकाने कोणत्या मद्यशाळा पाहाव्यात, हा प्रश्न वरवर रुचीचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा आहे. कीर्तीपेक्षा कालक्रम पाहून निवड करणे इष्ट.

पहिला टप्पा नारायणगावचा. तेथे १९८० च्या दशकात इंडेज समूहाने फेसाळ द्राक्षमद्याचा उद्योग उभारला. पुढे तो बंद पडला. दुसरा, नाशिकजवळची १९९९ मध्ये स्थापन झालेली सुला. तिसरा, २००१ च्या शासकीय धोरणातून निघालेले विंचूरचे द्राक्षमद्य-उद्यान. बिअरचा विचार करावयाचा, तर पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलाली या लहान मद्यशाळेचा इतिहास पाहावा.

तथापि या मालिकेची पहिली कडी उमरखेडच्याच परिसरात आहे. पैनगंगेकाठच्या रानात आंध व गोंड कुटुंबे चैत्राच्या पहाटे मोहफुले वेचतात. ती वाळवून, आंबवून दारू गाळण्याची रीत जुनी आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ याच एका कायद्याच्या छत्राखाली द्राक्षमद्याला २००१ मध्ये उत्पादनशुल्काची सवलत मिळाली. मोहाची घरगुती भट्टी मात्र गुन्हाच राहिली. द्राक्षामागे बागायतदारांचे संघटित बळ होते, मोहामागे ते नव्हते.

म्हणून अभ्यासकाने प्रथम एक पहाट मोहाखाली घालवावी, मगच नाशिकची वाट धरावी. तेथील प्रत्येक मद्यशाळा द्राक्षाची कथा सांगेल. परवाना कोणास मिळाला व कोणास नाही, हे मात्र घरून निघतानाच ठाऊक असावे.