ॲम्ब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे

मंडळाच्या कार्यक्रमात एका तरुण गृहस्थांशी ओळख झाली. मी पाच वर्षं भारतीय सैन्यात डॉक्टर होतो हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे काका, तुम्ही गोळ्याबिळ्या काढल्या असतील!" त्यांची निराशा करणं जिवावर आलं, पण खरं ते सांगायला हवं होतं. पाच वर्षांत मी एकही गोळी काढली नाही. दिल्या मात्र भरपूर. शिवाय पाणी तपासलं, संडासांचे चर खणून घेतले आणि शेकडो जवानांच्या पायांची बोटं फाकवून पाहिली. शेजारी उभ्या असलेल्या संपादकांनी हे ऐकलं आणि "हेच लिहून द्या" म्हणून मागे लागले. म्हणून हा प्रपंच.

पुण्याला सोलापूर रस्त्यावर, वानवडीच्या बाजूला सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्यापैकी पुणेकरांनी ते बसमधून पाहिलेलं असेलच. १ मे १९४८ रोजी त्याची स्थापना झाली ती सैन्यातल्या डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणासाठी; एम.बी.बी.एस.चे विद्यार्थी १९६२च्या ऑगस्टपासून घेऊ लागले. मी तिथे गेलो सत्तरच्या दशकात. अभ्यास बी. जे. मेडिकलच्या पोरांचा होता तोच. खरा फरक पदवीनंतर पडला, जेव्हा आम्हाला लखनौच्या आर्मी मेडिकल कोअरच्या केंद्रात पाठवलं. गळ्यात स्टेथोस्कोप आलेल्या माणसाला पुन्हा डावा-उजवा पाय शिकवतात तेव्हा फार राग येतो. त्यातच आम्हाला कळलं की फील्ड ॲम्ब्युलन्स ही गाडी नसून एक आख्खी पलटण असते. डॉक्टर, नर्सिंग असिस्टंट, स्ट्रेचर उचलणारे, ड्रायव्हर, आचारी, सफाईवाले, सगळे मिळून. जखमीला आघाडीवरून उचलायचं, मदत-चौकीत रक्त थांबवायचं, तिथून ड्रेसिंग स्टेशन, मग मागचं रुग्णालय. साखळीच ती. प्रत्येक कडीने आपल्यापुरतं करायचं आणि माणूस पुढे सरकवायचा. नेपोलियनच्या लारे नावाच्या सर्जनने ही कल्पना रुजवली. जखमींचा हुद्दा न पाहता जखम पाहून क्रम लावायचा, हेही त्याचंच. आजी सुपात तांदूळ निवडते तसं हे माणसं निवडणं आहे. फक्त इथे खडा म्हणून कोणाला टाकून देता येत नाही.

आता पाण्याची गोष्ट. हॉरॉक्स नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने तयार केलेली एक पेटी असते. तीत सहा पांढरे पेले, एक काळा पेला, दोन ग्रॅमचा चमचा आणि रंग दाखवणारं एक द्रावण. काळ्या पेल्यात ब्लीचिंग पावडर कालवायची, पांढऱ्या पेल्यांत तपासायचं पाणी भरायचं आणि त्यांत एक थेंब, दोन थेंब असं चढत्या क्रमाने ते कालवण घालायचं. अर्ध्या तासाने सगळ्यांत द्रावण टाकायचं. पहिल्यांदा निळा रंग तिसऱ्या पेल्यात दिसला, तर शंभर गॅलन पाण्याला तीन चमचे पावडर. झालं. शाळकरी पोरालाही जमेल.

माझी पहिली नेमणूक डोंगराळ मुलखात होती. एकदा तळ हलवायची घाई होती. पाण्याला किती चमचे, असं हवालदाराने विचारलं. हा सातारकडचा नर्सिंग असिस्टंट, नोकरी माझ्या वयाच्या निम्मी झालेली. मी म्हटलं, गेल्या वेळी दोन घातले होते, दोनच घाला. तो म्हणाला, "साहेब, डबा उघडून महिना झालाय. पावडर मेली असंल. पेले लावू का?" मी घड्याळ पाहिलं आणि नको म्हटलं. उघड्या डब्यातल्या पावडरचा क्लोरीन उडून जातो हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, बरं का. तिसऱ्या दिवशी तीस जवान हगवणीने आडवे झाले. कोणी दगावलं नाही, हे नशीब. वरिष्ठांनी झापलं ते मी विसरलो. विसरलो नाही ते एवढंच, की हवालदार एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या तंबूसमोर सहा पांढरे पेले ओळीत मांडून ठेवलेले होते. तिथून बदली होईपर्यंत रोज मांडलेले असत.

यात काय मोठंसं, असं वाटेल. जनरल स्लिम यांनी बर्माच्या लढाईबद्दल लिहून ठेवलंय की १९४३ साली एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते. मलेरिया, हगवण, स्क्रब टायफस. मलेरियावरची मेपाक्रिन घेतली की कातडी पिवळी पडायची, म्हणून जवान ती टाळत. स्लिमनी अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या आणि ज्या पलटणीत गोळी घेतलेली दिसेना तिच्या प्रमुखालाच घरी पाठवलं. तिघांना घालवावं लागलं, चौथ्याची वेळ आली नाही. औषध डॉक्टरकडे असतं, पण ते पोटात घालणं हे शिस्तीचं काम, आणि ते करतो हवालदार.

या देशात आल्यावर माझी उमेदवारी माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात झाली. पुढे तिथेच नोकरी. नव्वदच्या दशकात एक म्हातारा पॅराट्रूपर वॉर्डात होता. माझं नाव वाचून म्हणाला, "इंडियन? तुमची माणसं आमच्याबरोबर उडी मारून उतरली होती." मला वाटलं, भ्रमात बोलतोय. आमच्या कॉलेजात कोरियाचा उल्लेख कधीतरी कानावरून गेला होता, तेवढाच. लाज वाटली, मग वाचू लागलो.

कोरियाच्या युद्धात भारताने लढणारं सैन्य पाठवलं नाही, पण साठावी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पाठवली. तीनशेहून अधिक माणसं १९५०च्या नोव्हेंबरात तिथे उतरली. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. १९४१ साली विमानातून उडी मारणारे पहिले दोन भारतीय सैनिक होते, त्यांतले एक हेच डॉक्टर रंगराज. महिन्याभरात चिनी फौजा आल्या आणि प्याँगयांगमधून माघारीचा हुकूम सुटला. गाड्या नव्हत्या, सामान टाकून निघा, असं सांगण्यात आलं. रंगराज ऐकेनात. उपकरणांशिवाय फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे नुसता पोरांचा घोळका, हे त्यांना ठाऊक होतं. स्टेशनात एक जुनं वाफेचं इंजिन आणि डबे सापडले. जवानांनीच ते चालू केलं, सामान भरलं आणि पूल उडवला जाण्याआधी नदीपार झाले. पुढे पलटण दोन भाग करून राहिली. एक आघाडीवर राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर, दुसरा दैगूला, कोरियन सैनिक आणि नागरिकांच्या उपचारासाठी. २३ मार्च १९५१ रोजी मुनसानला अमेरिकेच्या १८७व्या रेजिमेंटने उडी मारली, तेव्हा रंगराज धरून बारा भारतीय त्यांच्याबरोबर उतरले. त्यांना पुढे महावीर चक्र मिळालं. युद्धबंदी झाल्यावर कैद्यांच्या देखरेखीसाठी भारताचं दल तिथे गेलं, त्याचे प्रमुख आपल्या कोल्हापूरचे मेजर जनरल थोरात. साठावी ॲम्ब्युलन्स त्या दलात सामील झाली आणि १९५४ साली परत आली.

म्हातारा मुनसानलाच मांडीत जखमी झाला होता. सर्जनचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आठवत होता किरमिजी टोपीवाला एक ऑर्डर्ली. त्याने सुई टोचली आणि मग बोटाने, का पेन्सिलने, याच्या कपाळावर काहीतरी काढलं. "इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलोय, त्या इंडियन माणसाने मला आशीर्वाद दिला म्हणून वाचलो."

मी त्याला सांगितलं, तो इंग्रजी 'एम' असणार. मॉर्फिनचा. आणि खाली वेळ. थंडीत गारठलेल्या अंगात मॉर्फिन कातडीखाली तसंच पडून राहतं, दुखणं थांबत नाही, म्हणून पुढच्या चौकीत दुसरी सुई दिली जाते. मग माणूस ऊबेला आला की दोन्ही एकदम रक्तात उतरतात आणि श्वास थांबतो. ते होऊ नये म्हणून कपाळावर लिहायचं. कागद हरवतो, कपाळ हरवत नाही.

तो जरा हिरमुसला. खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "वेळ काय लिहिली असेल, डॉक्टर?"