मान कोणाचा, मजुरी कोणाची?



कोणी मोठा पुढारी गेल्याची बातमी आली की सरकारी कचेरीवरचा झेंडा अर्ध्यावर येतो, आणि आमच्या यवतमाळच्या कापूस बाजारातला हमाल विचारतो, "उद्या काटा चालू राहील का?" हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे, चुलीचा आहे. त्याचेच बोट धरून आज आम्ही शासकीय इतमामाच्या अंत्ययात्रांचा इतिहास पाहणार आहोत.

तोफेच्या गाड्यावरून शव नेणे ही इंग्रजी लष्कराची रीत. 2 फेब्रुवारी 1901 रोजी विंडसर येथे व्हिक्टोरिया राणीच्या अंत्ययात्रेत थंडीत ताटकळलेल्या घोड्यांचा साज तुटला. तेव्हा खलाशांनी दोर धरून गाडा ओढला. फजितीतून निघालेली ही तोड पुढे तेथील राजांच्या अंत्ययात्रेची रीतच झाली. 31 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत गांधीजींचे शव लष्करी गाडीवर होते. इंजिन बंद ठेवून तिन्ही दलांचे जवान ती गाडी दोरांनी ओढीत होते. अहिंसेच्या उपासकाची यात्रा लष्कराने काढावी, हे पुष्कळांना खटकले.

इतमामाचे नियम काटेकोर आहेत. 2002 च्या ध्वजसंहितेप्रमाणे शवपेटीवरील झेंड्याचा केशरी पट्टा डोक्याकडे असतो. झेंडा चितेवर जाळीत नाहीत, कबरीत उतरवीत नाहीत. अर्ध्यावर आणण्यापूर्वी तो क्षणभर टोकापर्यंत चढवितात. प्रजासत्ताकदिनी मात्र, शव जेथे असेल ती इमारत सोडल्यास, तो अर्ध्यावर आणीतच नाहीत. आपले वणीचे लोकनायक बापूजी अणे 26 जानेवारी 1968 रोजी गेले. अशा दिवशी गेलेल्यासाठी आजच्या नियमाने झेंडा झुकत नाही. म्हणून का त्याचा मान कमी होतो?

बापूजी ज्यांचे अनुयायी, त्या लोकमान्यांच्या वेळी तर सरकारच परके होते. 1 ऑगस्ट 1920 रोजी सरकारने दिली ती फक्त चौपाटीवर दहनाची परवानगी. भर पावसात अफाट जनसमुदाय सरदारगृहापासून चालत गेला. गांधीजींनी आणि शौकत अलींनी खांदा दिला. 1908 साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता. वर्षाला एक दिवस! मजुरी बुडाली ती त्यांनी स्वतः बुडविली. कोणाचा हुकूम नव्हता.

आमच्या मते मानाची खरी कसोटी ही आहे. मान हा देणाऱ्याच्या पदरचा असावा लागतो. दुखवट्याची सुटी जाहीर झाली की पगारदाराचा पगार चालू राहतो आणि रोजंदाराची हजेरी जाते. म्हणजे दुखवट्याचा खर्च, ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे, त्याच्याकडून न विचारता वसूल होतो.

काही वर्षांपूर्वी आमचा एक सोबती पोते उचलताना कोसळला, तो उठलाच नाही. त्या दिवशी हमालांनी आपण होऊन काम थांबविले, मजुरी सोडली आणि खांदा दिला. तिरंगा नव्हता, सलामी नव्हती. परंतु त्या मानात उधारी नव्हती.

राष्ट्राने आपल्या नेत्यांचा दुखवटा अवश्य पाळावा. आमचे मागणे एवढेच, की त्या दिवसाची हजेरी रोजंदारालाही मिळावी. मग तोही अर्ध्यावर आलेल्या झेंड्याकडे मान खाली घालून पाहील. काट्याकडे त्याची नजर जाणार नाही.